एमआरआयचा हेलियम कॉम्प्रेसर पुन्हा पुन्हा ट्रिप होतो तेव्हा

लक्षण असं असतं. सकाळी टेक्निशियन येतो आणि मॅग्नेटजवळची सेकंदाला साधारण एकदा येणारी चिक्-चिक् ऐकू येत नाही. इक्विपमेंट रूममध्ये कॉम्प्रेसर ट्रिप झालेला, म्हणजे आपोआप बंद पडलेला असतो आणि त्यावर लाल दिवा लागलेला असतो. रीसेट दाबला की मशीन मुकाट्याने चालू होतं, पेशंटची रांग लागते आणि विषय तिथेच संपतो. आठवड्याभराने पुन्हा तेच. दोन-तीन महिन्यांनी कुणीतरी हेलियमची लेव्हल बघतं आणि मग धावपळ सुरू होते.

हे लिखाण १.५ किंवा ३ टेस्लाचा सुपरकंडक्टिंग मॅग्नेट, वॉटर-कूल्ड हेलियम कॉम्प्रेसर आणि गच्चीवर किंवा आवारात चिलर, अशी रचना असलेल्या सेंटरसाठी आहे. कंपनी कुठलीही असो, साखळी तीच: चिलरचं पाणी कॉम्प्रेसरला थंड ठेवतं, कॉम्प्रेसर मॅग्नेटवर बसवलेल्या कोल्डहेडला दाबाखालचा हेलियम वायू पुरवतो, आणि कोल्डहेड आतल्या उकळणाऱ्या हेलियमची वाफ पुन्हा द्रव करतो. आतलं तापमान उणे २६९ अंश सेल्सिअसच्या आसपास. कॉम्प्रेसर थांबला की वाफेचा द्रव होणं थांबतं, मॅग्नेटचं प्रेशर चढतं आणि हेलियम व्हेंटमधून उडायला लागतो. चुंबकीय क्षेत्र मात्र तसंच असतं. वीज गेली म्हणून मॅग्नेट ‘बंद’ झाला असं समजून कुणी सिलिंडर किंवा स्टूल आत नेऊ नये.

बहुतेक वेळा दोष कॉम्प्रेसरचा नसतो. तो स्वतःला वाचवण्यासाठी थांबलेला असतो. बिघाड पाण्यात किंवा विजेत असतो, आणि रीसेट दाबला की त्याचा पुरावा पुसला जातो.

रीसेट दाबण्याआधीची दोन मिनिटं

मोबाईलने कॉम्प्रेसरच्या पॅनेलचा फोटो काढा: एरर कोड किंवा पेटलेला दिवा, हेलियमचं प्रेशर गेज, अवरमीटर (कॉम्प्रेसर एकूण किती तास चालला ते दाखवणारा मीटर). मग चिलरच्या डिस्प्लेचा फोटो: पाण्याचं तापमान, पंपाचं प्रेशर, अलार्म हिस्टरी. मग फ्लोमीटर. शेवटी कन्सोलवर मॅग्नेट प्रेशर आणि हेलियम लेव्हल. एवढं झालं की रीसेट.

एक तपासणी बहुतेक सेंटरमध्ये कुणी करत नाही, आणि तिला खर्च शून्य आहे. अवरमीटर दर सोमवारी ठराविक वेळी लिहून ठेवा. आठवड्याचे तास १६८. मीटर १६१ ने पुढे गेला असेल, तर ७ तास कॉम्प्रेसर बंद होता आणि कुणालाच कळलं नाही. रात्री ट्रिप होऊन ऑटो-रीस्टार्टवर पुन्हा चालू होणारे कॉम्प्रेसर असेच पकडले जातात.

ट्रिपची वेळ काय सांगते

कोडपेक्षा घड्याळ जास्त बोलतं. ‘हाय टेम्परेचर’ हा एकच कोड पाच कारणांनी येतो, पण त्या पाचांच्या वेळा वेगळ्या असतात. एप्रिल-मेमध्ये दुपारी दोन ते पाच या वेळात ट्रिप होत असेल तर चिलरचा कंडेन्सर (उष्णता बाहेरच्या हवेत टाकणारा भाग) बघा. रात्री किंवा पहाटे होत असेल आणि त्याच वेळी इमारतीत वीज गेली असेल, तर रीस्टार्टचा क्रम बिघडलेला आहे. गुरुवारी दिवसा किंवा शुक्रवारी सकाळी होत असेल तर वीज आणि पाणी, दोन्हींवर संशय घ्या. पुण्यात देखभाल-दुरुस्तीचा वार बहुधा गुरुवारच असतो आणि ‘शुक्रवारी सकाळी उशिरा व कमी दाबाने पाणी येईल’ ही सूचना पुणेकरांना पाठ आहे. कुठलीच वेळ जुळत नसेल आणि दोन ट्रिपमधलं अंतर हळूहळू कमी होत चाललं असेल, तर स्ट्रेनर (पाण्याच्या वाटेतली गाळणारी जाळी), क्षार किंवा हेलियम गॅस यांवर संशय घ्या.

दिवसा डिफ्यूजनसारख्या जड सिक्वेन्स (स्कॅनचे प्रकार) चालू असताना ट्रिप आला तर आणखी एक शक्यता लक्षात घ्या. अनेक मशीनमध्ये ग्रेडियंट कॉइल आणि ग्रेडियंट ॲम्प्लिफायर यांनाही त्याच चिलरचं पाणी जातं. पाण्याच्या वाटणीचा बॅलन्सिंग व्हॉल्व्ह कुणी फिरवला असेल, तर कॉम्प्रेसरच्या वाट्याला कमी पाणी येतं आणि दोष दिसतो तो कॉम्प्रेसरवर.

वीज गेली, आली, पुन्हा गेली

वळवाच्या पावसात पुण्यातल्या सेंटरना सर्वात जास्त त्रास याचाच. एकदा वीज जाणं म्हणजे कॉम्प्रेसरसाठी दोन झटके असतात: महावितरणची वीज जाते, १०-१५ सेकंदांत डीजी (डिझेल जनरेटर) लोड घेतो, थोड्या वेळाने मेन्स परत येते आणि चेंजओव्हर होताना पुन्हा खंड पडतो. यूपीएसवर कन्सोल आणि इलेक्ट्रॉनिक्स असतात, त्यामुळे ऑपरेटरला काही झाल्याचं जाणवतही नाही. चिलर आणि हेलियम कॉम्प्रेसर मात्र बहुधा यूपीएसच्या बाहेर असतात.

वीज परत आल्यावर कॉम्प्रेसर लगेच उठतो. चिलरच्या रेफ्रिजरेशन स्क्रोलला, म्हणजे पाणी गार करणाऱ्या त्याच्या स्वतःच्या कॉम्प्रेसरला, लगेच पुन्हा सुरू होऊ न देणारा ३ ते ५ मिनिटांचा अँटी-शॉर्ट-सायकल टायमर असतो, आणि चिलर थंड करत नाही म्हणूनच ट्रिप आला, असं सगळे धरून चालतात. हिशेब करून बघा. कॉम्प्रेसर साधारण ७ किलोवॉट उष्णता पाण्यात टाकतो. चिलरच्या टाकीत २०० लिटर पाणी असेल तर ते मिनिटाला अर्धा अंश तापेल, म्हणजे पाच मिनिटांत अडीच अंश. एवढ्याने कुठलाही कॉम्प्रेसर ट्रिप होत नाही. ट्रिप होतो तो पंप थांबला म्हणून. पाणी जागच्या जागी उभं राहिलं की हीट एक्स्चेंजरमधलं पाणी बघता बघता तापतं आणि थर्मल कटआउट तुटतो.

त्यामुळे प्रश्न असा विचारा: वीज आल्यावर चिलरचा पंप आपोआप सुरू होतो का? अनेक चिलरमध्ये वीज गेल्यावर ‘फ्लो फॉल्ट’ लॅच होतो आणि कुणी हाताने अलार्म क्लिअर केल्याशिवाय पंप फिरत नाही. पॅरामीटरमध्ये ऑटो-रीस्टार्ट असतो, पण तो इन्स्टॉलेशनच्या वेळी चालू केला होता की नाही, हे कुणालाच ठाऊक नसतं. रविवारी, स्कॅन नसताना, चिलर आणि कॉम्प्रेसर दोन्ही कंपन्यांना आधी कळवून एकदा मेन स्विच बंद करून पुन्हा चालू करून बघा. पंप किती सेकंदांत उठतो आणि कॉम्प्रेसर किती सेकंदांत, हे घड्याळ लावून लिहा. कॉम्प्रेसर आधी उठत असेल तर त्याच्या स्टार्ट सर्किटमध्ये ऑन-डिले टायमर आणि फ्लो स्विचचा इंटरलॉक बसवून घ्या. हे काम स्थानिक इलेक्ट्रिशियनने परस्पर करू नये. वॉरंटी आणि एएमसी (वार्षिक देखभाल करार) दोन्ही अडकतात.

डीजीच्या ऑटो पॅनेलमध्ये ‘मेन्स रिटर्न डिले’ नावाची सेटिंग असते. काही ठिकाणी ती अवघ्या काही सेकंदांवर ठेवलेली आढळते, डिझेल वाचावं म्हणून. पावसाळ्याआधी ती ५ मिनिटांवर न्या. लुकलुकणाऱ्या विजेवर चिलर-कॉम्प्रेसर नाचवण्यापेक्षा पाच मिनिटांचं डिझेल स्वस्त पडतं.

ट्रान्सफॉर्मरवर किंवा पॅनेलमध्ये काम झाल्यानंतर कॉम्प्रेसर अजिबातच उठत नसेल, तर फेज सीक्वेन्स तपासा. दोन फेज अदलाबदल झाल्या की स्क्रोल उलटा फिरेल म्हणून रिले त्याला उठू देत नाही. यात बिघाड काहीच नसतो. इनकमरवर (वीज आत येते त्या मुख्य स्विचवर) कुठल्याही दोन फेज बदलल्या की काम होतं, पण मेन्सवर आणि डीजीवर दोन्हीकडे क्रम एकच आहे ना, हे फेज सीक्वेन्स मीटरने बघूनच. नाहीतर मेन्सवर चालेल आणि डीजीवर अडकेल.

पाणी: किती, किती गार, कसलं

कॉम्प्रेसरच्या इनलेट आणि आउटलेट पाइपवर एक-एक थर्मामीटर आणि मध्ये फ्लोमीटर, एवढंच लागतं. सूत्र सोपं आहे: किलोवॉटला १४.३ ने गुणा आणि मिनिटाला किती लिटर पाणी जातं त्याने भागा. पाणी किती अंश तापेल ते कळतं. ७ किलोवॉट आणि ८ लिटर म्हणजे साडेबारा अंश. तोच प्रवाह ४ लिटरवर आला तर २५ अंश. पाणी २० अंशांवर आत गेलं तर ४५ वर बाहेर येईल, आणि ट्रिप ठरलेला. पाण्यात ग्लायकोल (गोठणं रोखणारा द्रव) असेल तर हा फरक ५ ते १० टक्क्यांनी वाढतो. उत्पादकाने ठरवून दिलेला प्रवाह नेमप्लेटवर किंवा मॅन्युअलमध्ये असतो, तोच प्रमाण माना.

प्रवाह कमी का होतो? सर्वात आधी वाय-स्ट्रेनर उघडा. नव्या पाइपिंगमधला वेल्डिंगचा कचरा, टेफ्लॉन टेपचे धागे, पाइपच्या आतला गंज, हे सगळं त्या जाळीत बसतं. स्ट्रेनरच्या दोन्ही बाजूंचे व्हॉल्व्ह बंद करूनच झाकण खोला आणि कॉम्प्रेसर आधी थांबवा. चालू मशीनवर पाणी तोडलं तर तुम्हीच ट्रिप करवून घ्याल. जाळी धुऊन प्रवाह पूर्ववत झाला नाही तर पुढचा संशयित हीट एक्स्चेंजर.

इथे पुण्याचं पाणी आडवं येतं. खडकवासल्याचं नळाचं पाणी त्या मानाने मऊ. बोअरचं आणि टँकरचं पाणी बेसॉल्ट खडकातून येतं आणि बऱ्याचदा जड असतं. बाणेर, वाघोली, उंड्री अशा भागांत उन्हाळ्यात सेंटरच्या टाकीत टँकर रिकामा होतो, आणि चिलरची पातळी उतरलेली दिसली की कुणीतरी त्याच टाकीची नळी लावून भरतो. बंद सर्किटमध्ये एकदा भरलेल्या पाण्यातला क्षार मर्यादित असतो हे खरं, पण गळती असेल आणि दर आठवड्याला दहा लिटर भरावं लागत असेल, तर दर आठवड्याला नवा क्षार आत जातो. बहुतेक उत्पादकांना पाणी पीएच ६.५ ते ८.२ आणि कडकपणा लिटरमागे २०० मिलिग्रॅमच्या आत हवा असतो. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात २०० ही स्वीकारार्ह मर्यादा आहे आणि दुसरा स्रोतच नसेल तर ६०० पर्यंत चालतं. म्हणजे पिण्यायोग्य असलेलं पाणी कॉम्प्रेसरला चालेलच असं नाही. चिलर डीमिनरलाइज्ड पाण्याने भरा, आणि ‘पाणी कमी होतंय’ याला भरणं हा उपाय न मानता गळती शोधा.

ग्लायकोल घालायचा असेल तर चिलर कंपनीने सांगितलेलाच, इनहिबिटर असलेला. गाडीच्या दुकानातला कूलंट ओतू नका: त्यातल्या सिलिकेटचा थर बसतो आणि पंपाचं सील खराब होतं. पुण्याच्या थंडीत पाइप गोठत नाहीत, पण चिलरच्या इव्हॅपोरेटरमध्ये पाणी गोठू शकतं, म्हणून ग्लायकोल लागतो. प्रमाण रिफ्रॅक्टोमीटरने वर्षातून दोनदा मोजा. वरचेवर साधं पाणी भरून ते २० टक्क्यांच्या खाली उतरलं की पाण्यात शेवाळी चिकटा धरतो, आणि तोच चिकटा स्ट्रेनरमध्ये येतो.

आता बॅकअप लाइन. चिलर बंद पडला तर सोलेनॉइड व्हॉल्व्ह उघडून ओव्हरहेड टाकीचं पाणी कॉम्प्रेसरला द्यायची सोय अनेक ठिकाणी असते, आणि ती चालते की नाही हे चिलर बंद पडल्यावरच कळतं. दर १० मीटर उंचीला सुमारे १ बार दाब मिळतो. टाकी तिसऱ्या मजल्याच्या गच्चीवर आणि मशीन तळमजल्यावर असेल तर जेमतेम सव्वा बार, त्यातून पाइप आणि व्हॉल्व्हमधली दाबाची घट वजा जाता ८ लिटर मिळतीलच असं नाही. बादली आणि घड्याळ घेऊन मोजा. आणखी एक: मिनिटाला ८ लिटर म्हणजे तासाला ४८० लिटर, दिवसाला साडेअकरा हजार. हे पाणी गटारात जाणार असेल तर गुरुवारी पाणीबंद असताना टाकी किती तास पुरेल, याचा हिशेब आधी मांडून ठेवा. उन्हात तापलेल्या काळ्या टाकीचं पाणी दुपारी ३५ अंशांच्या पुढे जातं; तो बॅकअप रात्रीपुरताच.

चिलर

पुणे समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटरवर आहे. हवा मुंबईपेक्षा ६ टक्क्यांच्या आसपास विरळ, म्हणजे तोच पंखा तेवढी कमी हवा कंडेन्सरवरून नेतो. वर मे महिन्यातले ४० अंश, आणि तापलेल्या स्लॅबवर चिलरभोवती त्याहूनही जास्त. चिलरची क्षमता कागदावर पुरेशी असूनही दुपारी हाय प्रेशरवर जातो तो यामुळे, आणि त्यात कंडेन्सर तुंबलेला असेल तर नक्कीच. फिनमध्ये काय सापडतं? बांधकामाची धूळ, कबुतरांची पिसं, आणि एप्रिलमध्ये जवळ सावरीचं झाड असेल तर तिचा कापूस. पॉवर बंद करून, कमी दाबाच्या पाण्याने, शक्यतो आतून बाहेर धुवा. प्रेशर वॉशरने फिन वाकतात आणि मग हवा कायमची अडते. आम्ल असलेलं केमिकल ॲल्युमिनियमच्या फिनवर वापरू नका. मार्च ते जून दर पंधरा दिवसांनी, एरवी महिन्यातून एकदा पुरे.

डीजीचा गरम वारा चिलरच्या तोंडावर येतोय का तेही बघा. पावसापासून वाचवायला म्हणून चिलरवर पत्र्याची शेड टाकली आणि गरम हवा तिथल्या तिथे फिरू लागली, हा प्रकार इतका नेहमीचा आहे की शेड दिसली तर आधी तीच काढून बघावी.

हिवाळ्याच्या रात्री ट्रिप येत असेल तर उलटा मामला असतो. दिवसाच्या भारासाठी ४०-५० किलोवॉटचा चिलर, आणि रात्री फक्त कॉम्प्रेसरचे ७ किलोवॉट. स्क्रोल मिनिटभर चालतो, बंद होतो, पुन्हा उठतो; बाहेर गारठा असल्यामुळे हेड प्रेशर बनत नाही आणि लो प्रेशरवर अलार्म येतो. इलाज चिलरवाल्याकडे आहे: मोठी बफर टाकी, हॉट गॅस बायपास, पंख्याचा स्पीड कंट्रोल.

गॅसची बाजू

पाणी आणि वीज स्वच्छ निघाली तरच इकडे या. थांबलेल्या कॉम्प्रेसरचं स्टॅटिक प्रेशर नेमप्लेटवरच्या आकड्यापेक्षा कमी असेल तर फ्लेक्स लाइनच्या (कॉम्प्रेसर ते कोल्डहेड हेलियम नेणाऱ्या लवचिक नळ्यांच्या) जोडांवर गळती आहे. हे जोड स्वतः आवळायला जाऊ नका. दोन पान्यांनी, एक धरून एक फिरवत, शिकलेल्या हातानेच करायचं काम आहे, आणि आत १६ बारच्या आसपास दाब असतो. भरायचा हेलियम ९९.९९९ टक्के शुद्धतेचा हवा. फुग्यांच्या सिलिंडरमधला गॅस भरला तर त्यातली हवा आणि ओल कोल्डहेडमध्ये जाऊन गोठते, आणि चिक्-चिकची जागा खरखर किंवा ठोके घेतात.

हेलियममधली तेलाची वाफ शोषून घेणारा ॲडसॉर्बर मॉडेलनुसार २० ते ३० हजार तासांनी बदलायचा असतो. वर्षाचे ८,७६० तास धरले तर सव्वादोन ते साडेतीन वर्षं. तो टाळला की तेलाची वाफ कोल्डहेडपर्यंत पोहोचते आणि स्वस्त भागापायी महाग भाग बदलावा लागतो.

कोल्डहेड थकतोय हे ट्रिपच्या आधी कळू शकतं. झीरो बॉइल-ऑफ, म्हणजे हेलियम उडू न देणाऱ्या, मॅग्नेटमध्ये प्रेशर खाली जाऊ नये म्हणून आत एक छोटा हीटर असतो. कोल्डहेड दमदार असेल तर हीटर जास्त चालतो. तो थकत गेला की हीटरची गरज कमी होत जाते. हीटर शून्यावर आला आणि प्रेशर चढायला लागलं, म्हणजे राखीव क्षमता संपली. हा आकडा सर्व्हिस लॉगमध्ये असतो. कंपनीच्या इंजिनिअरकडे दर भेटीला मागा. मुंबईच्या शाखेशी प्रेशरचे आकडे ताडून बघणाऱ्यांनी एवढं लक्षात ठेवावं, की पुण्यात हवेचा दाबच सुमारे १ पीएसआयने कमी आहे. गेजचा आकडा आणि ॲब्सोल्यूट आकडा यांची सरमिसळ केली तर नसलेला बिघाड दिसतो.

फोन करताना

कॉम्प्रेसर दोनदा रीसेट करूनही तासाभरात पडला तर तिसऱ्यांदा दाबू नका. दोन रीसेटमध्ये निदान पाच मिनिटं जाऊ द्या. जुन्या, दीड-दोन हजार लिटर हेलियमच्या मॅग्नेटला वेळ मिळतो; अलीकडच्या, काही लिटरच हेलियम असलेल्या सीलबंद मॅग्नेटला तसा वेळ नसतो, म्हणून कॉम्प्रेसर किती तास बंद राहिला तरी चालतो ती मुदत मॅन्युअलमधून काढून पॅनेलवर चिकटवून ठेवा. कॉम्प्रेसरच्या अलार्म रिलेला जीएसएम अलार्म जोडला की रात्री वॉचमनला आवाज ऐकू आला की नाही यावर भिस्त राहत नाही. मॅग्नेटरूममधला ऑक्सिजन अलार्म वाजला तर हे सगळं बाजूला ठेवून आधी सगळ्यांना बाहेर काढा.

एमआरआय कंपनी म्हणते चिलर आमचा नाही, चिलरवाला म्हणतो पाणी तर गार आहे. हा वाद ट्रिपच्या क्षणीच्या दोन आकड्यांनी मिटतो. कॉम्प्रेसरच्या इनलेटला पाणी मॅन्युअलमधल्या तापमानाच्या आत होतं आणि प्रवाहही पुरेसा होता, तर कॉल एमआरआय कंपनीचा. दोन्हींपैकी एक जरी बाहेर असेल, तर चिलरवाल्याचा. पाइपिंग हॉस्पिटलने केलं असेल तर प्लंबरचा. तारीख, वेळ, इनलेट, आउटलेट, प्रवाह, हेलियम प्रेशर, अवरमीटर, वीज गेली होती का: आठ रकान्यांची एक वही कॉम्प्रेसरच्या बाजूला टांगा, आणि पेन दोरीने बांधा, नाहीतर ते रिसेप्शनला जातं.